गुडघे सोडून बाकी क्षेम

माझे जुने स्नेही मौलाभाई यांस,

जतच्या माळावरून जोतीरामचा रामराम घ्यावा आणि सलामही घ्यावा. तुझी प्रकृती, शबानावहिनींचा दमा, अश्फाकचं दुकान, अर्फाची शाळा आणि तुझी ती लाथा मारणारी म्हैस, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. (धरून चालायची मला हल्ली सवय झाली आहे, पण ती भिंतीला.) तुमच्याकडे ऊस तुटला का, ओढ्याकडचं रान मोकळं झालं का, तेही कळव. सहज विचारतो. त्यामागे काही हेतू नाही.

इंद्रजितने (माझा थोरला, पिकअप चालवतो तो) सांगितलं की तुलाही आमच्यासारखाच चिकुनगुनियाचा ताप येऊन गेला आणि तुझं डावं मनगट अजून सुजतं. ऐकून जिवाला लागलं. पण गड्या, मनगट म्हणजे काही फार मोठा सांधा नव्हे. मनगट दुखलं तर माणूस दुसऱ्या हाताने चहा पितो. गुडघा दुखला तर दुसऱ्या गुडघ्याने काय करणार? तो तर आधीच सुजून बसलेला असतो. तेव्हा तू काळजी करू नकोस. (सकाळी उठल्यावर मनगट गरम लागतं का, बोटांना मुंग्या येतात का, झोपेत हात अंगाखाली जातो का, एवढं मात्र लगेच कळव. मला आपलं उगाच वाटत राहतं.)

फोन का केला नाही असं तू म्हणशील. तर माझा उजवा हात कानापर्यंत जात नाही. कोपर छातीपर्यंत येतो आणि तिथे अडतो. म्हणून इंद्रजितने फोनचा आवाज मोठा करून तो खाटेवर ठेवायची सोय केली आहे. आता फोनवर कोण काय बोललं ते रंगुबाई चुलीपाशी बसून ऐकते आणि उत्तरही तीच देते. परवा तिच्या भावाने विचारलं, "दाजी, तब्येत कशी हाय?" तर ही आतूनच ओरडली, "कण्हत्यात!" मला कण्हायलासुद्धा वेळ मिळाला नाही. पत्राचं बरं असतं, ते शेजारपाजाऱ्यांना ऐकू जात नाही.

आता सगळं पहिल्यापासून सांगतो. आमच्याकडे पाण्याचा टँकर एकदा येऊन गेला की पुढचा कधी येईल ते टँकरवाल्यालाही ठाऊक नसतं. म्हणून घरोघरी बॅरल, हंडे, पातेली, जे जे पोकळ असेल ते भरून ठेवायचं. यंदा डासांनी त्यात संसार मांडले. मंगल आशाताई दारोदार फिरून सांगत होती की बॅरल ओता, घासून कोरडा करा. मौला, जतच्या माणसाला भरलेला बॅरल ओतून दे म्हणणं सोपं आहे का? मी तिला म्हणालो, "पोरी, डासाला भिऊन पाणी सांडायचं व्हय? डास काय आज झालं का?" ती म्हणाली, "आबा, मग झाकून तरी ठेवा." मी घोंगडं टाकून झाकलं. डासांना ऊब मिळाली. आठवडा सरायच्या आत मी खाटेवर, माझ्यापाठोपाठ शेजारी, आणि मग सगळी आळी. आमच्या गावात निम्मी माणसं मराठी बोलतात आणि निम्मी कानडी, हे तुला माहीतच आहे. पण त्या पंधरवड्यात सगळं गाव एकच भाषा बोलत होतं. ज्या दारावरून जावं तिथून "अय्यव्वा, अय्यव्वा" एवढंच ऐकू यायचं.

ताप गेला, पण सांधे आखडले ते आखडलेच. सकाळी उठलो की मी लाकडाचा असतो. ऊन चढेल तसा हळूहळू माणूस होतो, आणि दिवस मावळला की पुन्हा लाकूड. उपकेंद्रातले नवे डॉक्टर म्हणाले की काही महिने असं चालेल, पण हळूहळू जाईल. शेक द्या, थोडं थोडं चाला, थोडी विश्रांती घ्या, मनाने गोळ्या खाऊ नका. आता एकाच माणसाने चालायचंही आणि विश्रांतीही घ्यायची हे मला पटेना. मी विचारलं, "कोणत्या पायाने चालू आणि कोणत्याला इश्रांती देऊ?" ते हसले. मला ते हसणं बरं वाटलं नाही. डॉक्टर हसले म्हणजे काहीतरी लपवत असणार. त्या दिवशी मी जेवलो नाही.

मग मीच विचार केला. अख्खं आयुष्य मेंढरं राखली, लंगडं मेंढरू माझ्या हाताने बरं झालं नाही असं कधी झालं नाही. मेंढरू लंगडलं की आपण काय करतो? तो जांभळा फवारा मारतो. मी दोन्ही गुडघ्यांवर मारला, घोट्यांवर मारला, थोडा उरला तो मनगटावर मारला. गार वाटलं. सकाळी उपकेंद्रात धोतर वर केलं, तर नव्या नर्सबाईंनी माझे गुडघे बघितले आणि खुर्चीच धरली. डॉक्टर आले, त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. रांगेतल्या बयाबाईने तर तिथेच जाहीर केलं की जोतीरामचं रक्त खाली उतरलं, आता काही खरं नाही. रांगेतली निम्मी माणसं भिऊन घरी गेली. डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा घेऊन घासलं तेव्हा कुठे मूळचा गुडघा निघाला. (अजून घड्यांमध्ये जांभळा आहे. आलो की दाखवीन.) ते म्हणाले, "आबा, हे औषध खुरांसाठी असतंय." मी म्हणालो, "मला ठाऊक हाय, तुमच्याकडं पायांसाठी काय हाय ते सांगा." तर पुन्हा तेच! शेका, चाला, बसा.

पण हे सगळं जुनं झालं. आता मी ठणठणीत आहे. स्वतःचं धोतर स्वतः नेसतो, स्वतःचा तांब्या स्वतः उचलतो. फक्त गावात माझ्याबद्दल एक गोष्ट फिरते आहे आणि ती तुझ्या कानावर वाकडी होऊन जाण्याआधी सरळ करून सांगतो.

दिवाळी झाली आणि दरवर्षीसारखी मेंढरं घेऊन तुमच्या कराडकडे निघायची वेळ आली. इंद्रजित म्हणाला, "आबा, यंदा न्हाई जमायचं. मेंढरं इकून टाकू. तुमी घरी बसा." मौला, घरी बसायचं म्हणजे कुठे बसायचं ते तरी त्याने सांगावं! पावसाळा सोडला तर मी या घरात राहिलोय कधी? आठ महिने उघड्यावर झोपलेला माणूस छताकडे बघत पडला तर त्याला श्वास लागतो. रंगुबाईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. म्हणाली, "आवं, मेंढरं तळ्यापतूर न्या आन् माघारी आणा. आणली तर कराडला चला. न्हाई तर गप ऱ्हावा."

मला हसूच आलं. तळं म्हणजे काय लांब आहे का? आणि आपली चालायची रीत तुला ठाऊक आहे. आम्ही मेंढरांना मागून हाकत नाही. माणूस पुढे चालतो, काठी टेकत, मागे न बघता, आणि मेंढरं त्या काठीच्या आवाजावर येतात. तापानंतर पावसाळाभर मी मेंढरांच्या वाघरीपुढेच, त्या जाळीच्या कुंपणाला लागून, काठी टेकत फेऱ्या मारत होतो. त्यामुळे माझी नवी चाल मेंढरांनी पाठ केली होती. ठक, फरफट. ठक, फरफट. कळप असा सुंदर मागे लागला की मी मनातल्या मनात कराडला पोचलोसुद्धा.

रस्त्यात उपकेंद्र लागतं. त्या दिवशी मंगलने सांधे आखडलेल्या सगळ्यांना व्यायाम दाखवायला बोलावलं होतं. (मलाही बोलावलं होतं. मी म्हणालो, मी ठणठणीत आहे.) मी दारासमोर आलो आणि नेमका कार्यक्रम सुटला. भाऊसो गुरुजी पुढे, मागे सगळं म्हातारं गाव, आणि प्रत्येकाच्या हातात काठी. ठक, फरफट. ठक, फरफट. मौला, गावभर एकाच तापाने एकच चाल केली आहे रे! माझा मेंढा थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं, गुरुजींकडे बघितलं. जन्मला तेव्हा थंडीत ज्याला मी छातीशी धरून घोंगड्यात झोपवलं तो मेंढा गुरुजींच्या मागे गेला. त्याच्यामागे निम्मी मेंढरं. बाकीच्यांनी जी काठी जवळ वाटली ती धरली.

गुरुजी ओरडले, "जोत्या, ही तुजी पलटण आवर!" मी म्हणालो, "गुरुजी, तुमी थांबा, म्हंजे ती थांबत्यात." तर म्हणाले, "थांबलो तर गुडघा पुन्यांदा चालू व्हायला अर्धा तास लागतोय रं!" आणि चालतच राहिले. मेंढराला हुसकायला पळावं लागतं आणि त्या रस्त्यावर पळता येईल असा एक माणूस नव्हता. मी शीळ घालायला गेलो. शीळ घालायची तर दोन बोटं दुमडून जिभेखाली घ्यावी लागतात. बोटं दुमडेनात आणि कोपर वर येईना. नुसतंच फू फू झालं. मंगल म्हणाली, "आबा, श्वासाचा व्यायाम उद्या हाय."

दुपारपर्यंत माझा कळप गावभर वाटला गेला. गुरुजींच्या अंगणात पस्तीसेक मेंढरं उभी, झेंडूची रोपं साफ. बयाबाईच्या न्हाणीत दोन कोकरं. गिरणीवाल्याच्या मागे गेलेली मेंढरं गिरणीत, आणि पिठाने अशी पांढरी की माझी म्हणून मला ओळखेनात. पण एक सांगतो, एकही मेंढरू हरवलं नाही. ऊन कलल्यावर सगळ्यांनी ती आपणहून आणून दिली. आणून दिली म्हणजे काय, आपापली काठी घेतली आणि चालत आमच्याकडे आले, मेंढरं मागोमाग. सगळं गाव लंगडत माझ्या दारात. रंगुबाईने सगळ्यांना चहा केला. मी तिला म्हणालो, "बघ, मेंढरं माघारी आली का न्हाई?" ती म्हणाली, "आली. तुमी न्हाई आणली."

दुसऱ्याच दिवशी इंद्रजितने शंभूराजला आणलं. हा जतच्या बाजारातला मेंढरांचा व्यापारी, बोलायला गोड, हाताला घट्ट. आपल्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत हे तुला सांगायला नको. वर टॉवेल टाकायचा, खाली हातात हात घ्यायचा, आणि बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे बघणाऱ्याला काही कळत नाही. इंद्रजितला ही रीत येत नाही, तो मोबाईलवर आकडे दाखवतो, म्हणून हात मलाच पुढे करावा लागला. हात पुढे करताना माझं काय झालं असेल ते तू समज. मेंढरं वाघरीतून माझ्याकडेच बघत होती. (पिठातलीसुद्धा.)

शंभूराजने टॉवेलाखाली माझी दोन बोटं धरली आणि दाबली. मौला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी "अय्यव्वा!" म्हणून ओरडलो. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला भाव कमी वाटला. त्याने तिसरं बोट दाबलं. ते तर जास्तच सुजलेलं. मी आणखी मोठ्याने ओरडलो. त्याने चौथं दाबलं. आतापर्यंत बघे जमले होते, ते म्हणायला लागले, "आबा लय घट्ट हाय रं." शेवटी त्याने अख्खा पंजाच दाबला आणि मी अशी आरोळी ठोकली की कुत्री भुंकायला लागली. त्याने टॉवेल ओढून खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "आबा, ही मेंढरं हायती का सोन्याच्या मूर्ती? ठेवा तुमच्यापाशीच!" आणि गाडीला किक मारून गेला. इंद्रजित डोकं धरून बसला. म्हणाला, "आबा, बोटं दुखत्यात म्हणून सांगायचं की!" आता व्यवहार चालू असताना टॉवेलाखालची गोष्ट तोंडाने बोलायची नसते, ही रीत मी कशी मोडू?

मग इंद्रजित म्हणाला, ठीक आहे, मेंढरं मीच घेऊन जातो. दुसऱ्या दिवशी तो काठी घेऊन पुढे निघाला. त्याची चाल कशी, पोलीस भरतीला निघाल्यासारखी. बांधाच्या पलीकडे गेल्यावर त्याने वळून बघितलं. मेंढरं जागच्या जागी चरत होती. मी खाटेवरून नुसता उठून उभा राहिलो, तर सगळ्यांनी माना वर केल्या. मी काही बोललो नाही. माणसाने अशा वेळी बोलू नये. (नंतर जेवताना थोडं बोललो.)

शेवटी घरच्यांनीच विचार करून ठरवलं की मी पुढे चालायचं आणि इंद्रजितने पिकअप शेजारून आणायची. मी म्हणालो, तुमचा एवढा आग्रह आहे तर येतो. तेव्हा येत्या सोमवारी निघतो आहोत. तब्येतीची काळजी नसावी. या पत्राचं अक्षर बघ, किती ठाशीव आहे. (एक पान लिहिलं की बोटं गरम पाण्यात ठेवतो, म्हणून काही ठिकाणी शाई पसरली आहे.) शबानावहिनींना नमस्कार, अश्फाकला आशीर्वाद, अर्फाला पापा, म्हशीला लांबूनच.

तुझा,
जोतीराम

ता. क. मनगटाला निर्गुडीच्या पाल्याचा शेक दे. जांभळा फवारा मारू नकोस. मारलास तर निदान पूर्ण बाहीचा सदरा घाल.

ता. क. दुसरा. ओढ्याकडचं रान यंदा दुसऱ्या कुणाच्या कळपाला खतासाठी बसायला देऊ नकोस. आम्ही नेहमीपेक्षा थोडे उशिरा पोचू. का, ते विचारू नकोस, मेंढरं हल्ली हळू चालतात.

ता. क. तिसरा. आता खरं काय ते लिहितो. घरच्यांनी आग्रह केला असं वर लिहिलं आहे ते तसं नाही. इंद्रजित चालून आला त्या दिवशी जेवताना पुन्हा मेंढरं विकायची, नाही तर मला घरी ठेवून जायची गोष्ट निघाली आणि माझ्या तोंडून निघून गेलं की मौलाचा फोन आला होता, तो म्हणाला, जोतीराम स्वतः आला तरच रान देईन, नाही तर पाऊल ठेवू देणार नाही. हे ऐकून रंगुबाई म्हणाली, चला. तर गड्या, पत्र मिळताच एक फोन कर आणि हेच बोल. आवाज मोठा ठेव, म्हणजे चुलीपर्यंत जाईल. थोडा चिडून बोल. मागचा फोन कधी केला होता असं कुणी विचारलं तर आठवत नाही म्हण. मला सोडून गेले तर मी इथे काय करू, मौला? सगळ्यांनी ठणठणीत म्हटलं तर मी खरंच होईन.

मौलाभाऊंना रंगुबाईचा नमस्कार. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडंच दिलं, कारण यांच्या बोटांनी कड दुमडत नाही. हे चौथी नापास आहेत आणि मी चौथी पास, हे ते दरवेळी विसरतात. धोतरही मीच नेसवते. तुम्ही फोन करू नका. तुमचा फोन आला म्हणून यांनी सांगितलं त्या दिवशी सकाळपासून खाटेवरचा फोन बिघडून जतला दुकानात पडला होता. मला तेव्हाच कळलं, तरी मी चला म्हणाले. यांना घरी ठेवलं तर हे रस्त्याकडं बघत बसणार आणि तिकडं मी माघारी बघत चालणार, मग मेंढरांकडं कोण बघणार? डॉक्टरांना मी विचारून आले आहे. चालू द्या म्हणाले, पण थोडं थोडं, मध्ये बसवत. म्हणून पुढं हेच चालतील आणि मागं मी राहीन. हे काठीवर दोन्ही हात टेकून उभे राहिले की मी मागून ओरडणार, मेंढरं दमली, तळ टाका. उशीर होईल, पण येऊ. रान तेवढं ठेवा. आणि आम्ही दिसलो की यांना काही विचारू नका, यंदा मेंढरं लय दमल्यासारखी दिसत्यात, एवढंच म्हणा.